कॅम्पसच्या झाडीतले शिकारी पक्षी: पाहायचे कसे, ओळखायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजच्या आवारात जुनी, दाट झाडी आहे. सीनियर सांगतात की तिथे शिक्रा आहे, अधूनमधून मोरघारही दिसते. पण सकाळी तासभर हिंडूनही घारींपलीकडे काही नजरेस पडत नाही, आणि कधी काही दिसलंच तर ओळख पटायच्या आत उडून जातं. मग हे पक्षी पाहायचे कसे आणि ओळखायचे कसे?

सगळ्यात आधी हिंडणं कमी करा. उघड्या माळावर चालत राहिलं की पक्षी दिसतात, झाडीत उलट होतं. शिक्र्यासारखा पक्षी झाडाच्या मधल्या उंचीवर, खोडाजवळच्या आतल्या फांदीवर कितीतरी वेळ हलत नाही. तुम्ही चालत आलात की त्यानं तुम्हाला केव्हाच पाहिलेलं असतं आणि तो पलीकडच्या बाजूनं खाली झेपावून निघून जातो. तुमच्या वाट्याला फक्त पानांची हालचाल येते. त्यापेक्षा झाडी आणि मोकळी जागा जिथे एकमेकींना भिडतात अशी एक कड निवडा. खेळाच्या मैदानामागची झाडं, हॉस्टेलच्या मागचा ओढा, बॉटनीच्या बागेचं कुंपण, काहीही चालेल. तिथे एखाद्या खोडाला पाठ लावून अर्धा तास स्वस्थ बसा. पहिली दहा मिनिटं काहीच होणार नाही, कारण तुमच्या येण्यानं सगळे गप्प झालेले असतात. त्यानंतर हळूहळू जो तो आपापल्या कामाला लागतो, आणि तुमचं खरं निरीक्षण तिथून सुरू होतं.

बसल्यावर डोळ्यांआधी कान कामाला लावा. झाडीत शिकारी पक्षी शोधायचा माझा जवळजवळ सगळा भरवसा खारी, बुलबुल, सातभाई, कोतवाल आणि कावळे यांच्यावर आहे. त्यांचा जीव त्यावर अवलंबून असल्यामुळे तो पक्षी कुठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा फार आधी कळतं, आणि कळलं की ते गप्प बसत नाहीत.

मात्र त्यांच्या इशाऱ्यांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि हा फरक कानाला कळायला लागला की निम्मं काम झालं. पहिला प्रकार म्हणजे कलकलाट. शिकारी पक्षी बसलेला आहे, दिसलेला आहे, आणि आता त्याला हुसकवायचं आहे. हे आवाज कर्कश, तुटक, पुन्हा पुन्हा काढलेले असतात. सातभाई एकत्र कालवा करतात, बुलबुल टोचल्यासारखे ओरडतात, कावळे वरून झडप घालतात. आवाज नेमका कुठून येतोय ते लगेच कळतं. इतर पक्ष्यांना बोलावून घेणं हाच त्या कलकलाटाचा उद्देश असतो, म्हणून तो सहज सापडेल असाच असतो. दुसरा प्रकार याच्या अगदी विरुद्ध आहे. एक बारीक, उंच पट्टीतली ‘सीऽऽ’ अशी शीळ येते, हळूच सुरू होऊन हळूच विरते, आणि कितीही कान दिला तरी कुठून आली ते कळत नाही. याचा अर्थ शिकारी हवेत आहे, आत्ता, या क्षणी. शीळ घालणाऱ्याला स्वतःचा ठावठिकाणा द्यायचा नसतो. उंच पट्टीच्या आणि अशा हळूच सुरू होऊन हळूच विरणाऱ्या आवाजाची दिशा ठरवणं शिकाऱ्याच्या कानांना अवघड जातं, हे पीटर मार्लर या शास्त्रज्ञानं 1955 मध्ये मांडलं होतं. व्यवहारात याचा उपयोग असा: कलकलाट ऐकू आला तर दुर्बीण त्या झाडाकडे वळवा. बारीक शीळ आली आणि पाठोपाठ सगळी झाडी एकदम चिडीचूप झाली, तर दुर्बीण खालीच ठेवा आणि नुसत्या डोळ्यांनी फांद्यांमधल्या मोकळ्या जागा पाहा. जे काही जाणार आहे ते पुढच्या काही सेकंदांत तिथूनच जाईल.

खारीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण कॅम्पसमध्ये ती सगळीकडे असते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तिचं ‘चिक् चिक् चिक्’ एका लयीत, प्रत्येक आवाजासोबत शेपटी झटकत, बराच वेळ चालतं. ते मांजर, मुंगूस किंवा सापासाठीही असतं, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. ती कशी बसली आहे ते पाहा. खालच्या फांदीवर पुढे वाकून जमिनीकडे तोंड करून ओरडत असेल तर धोका खाली आहे. फांदीच्या खालच्या अंगाला किंवा खोडाला चपटी होऊन चिकटली असेल तर धोका वर आहे, आणि बहुधा खोडाच्या दुसऱ्या बाजूला आहे. अशा वेळी उठून त्या बाजूला जायची घाई करू नका. बसल्या जागेवरून पलीकडच्या झाडांच्या आतल्या फांद्या एकेक करून, खालून वर, तपासत जा.

कोतवाल आणि भृंगराज मात्र फसवतात. हे दोघे शिक्र्याची हाक हुबेहूब काढतात. त्या हाकेमागोमाग त्याच जागेवरून मैनेचा, पोपटाचा किंवा मांजराचा आवाज आला तर समजा नकलाकार आहे. त्याउलट कोतवाल आवाज न करता सरळ एखाद्या झाडात वरून सूर मारत असेल, तर तिथे नक्की कोणीतरी बसलं आहे.

भर दुपारी पानांच्या गचपणात छोट्या पक्ष्यांचा कलकलाट चालू असेल तर आधी घुबडाचा विचार करा. पिंगळा, गव्हाणी घुबड किंवा मोठं घुबड दिवसा झोपायला जिथे बसलेलं असतं तिथे असा गोंधळ हमखास होतो.

आता वेळ. शिक्रा, बेसरा यांच्यासारखे झाडीत शिकार करणारे पक्षी उजाडल्यापासून पहिले दोन तास आणि मावळतीआधीचा तास जास्त हालचाल करतात. सर्पगरुड, मधुबाज, घारी यांचं तसं नाही. त्यांना घिरट्या घालायला जमिनीवरून वर चढणारी गरम हवा लागते, आणि ती ऊन चांगलं तापल्याशिवाय तयार होत नाही. म्हणून सकाळी सहाला आकाशाकडे पाहत बसणं फुकट आहे. साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान एखादी गच्ची किंवा मैदान गाठा. झाडीच्या वर उठणारे मोठे पक्षी तेव्हाच दिसतात, आणि ते कुठल्या झाडांमधून वर आले हे लक्षात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुठे बसलेले असतील याचा अंदाज येतो. पावसाळ्यात सर आल्यानंतर उघडीप पडली की भिजलेले पक्षी पंख पसरून उघड्या फांदीवर वाळत बसतात. ती संधी सोडू नका. आणि पानगळीच्या दिवसांत पूर्ण आवार एकदा फिरून जुनी घरटी टिपून ठेवा. पालवी फुटल्यावर ती दिसत नाहीत, पण तेच पक्षी पुन्हा त्याच झाडांच्या आसपास बांधणी करण्याची शक्यता बरीच असते.

ओळखण्याच्या बाबतीत माझा आग्रह एकच: आधी घार शिका. तिचा कंटाळा करू नका. ती रोज, हव्या तितक्या वेळ, प्रत्येक कोनातून दिसते. पंखांचा मनगटाशी पडणारा बाक, दुभंगलेली शेपटी, ती शेपटी उडताना सतत डावी-उजवीकडे पिळण्याची सवय, हे सगळं इतकं अंगवळणी पडलं पाहिजे की मान वर करताच कळावं. शेपटी पूर्ण पसरली की तिची खाच जवळजवळ नाहीशी होते, हेही पाहून ठेवा. घार पक्की झाली की जे घार नाही ते आपोआप वेगळं दिसायला लागतं. आकाराचं मोजमापही कावळा आणि घार यांच्याशीच लावा. एकट्या पक्ष्याचा आकार आकाशात कोणालाच नीट सांगता येत नाही, पण पाठलाग करणारा कावळा शेजारी असला की प्रश्न मिटतो.

शिक्रा कावळ्यापेक्षा लहान असतो, साधारण 26 ते 36 सेंटिमीटर. इतका फरक असायचं कारण मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. शिकारी पक्ष्यांत बहुतेक ठिकाणी असंच असतं. पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब, कारण फांद्यांमधून वळणं घेत उडायचं असतं. उडण्याची पद्धत ठरलेली: चार-पाच भराभर फडफड, मग थोडं तरंगणं, पुन्हा फडफड. प्रौढ नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर फिकट तांबूस आडव्या बारीक रेषा, डोळा लालभडक. मादी जरा तपकिरीकडे झुकणारी, डोळा पिवळा ते नारिंगी. दोघांच्याही गळ्याच्या मधोमध एक उभी गडद रेष असते, पण ती पुसट असते. ही रेष ठळक आणि छातीच्या मधोमध जाड फराटे दिसले तर बेसऱ्याचा विचार करायला हवा. बेसरा दाट जंगलाचा पक्षी आहे. कॅम्पस डोंगराच्या जंगलाला लागून नसेल तर आधी शिक्राच धरून चाला. वर्षाच्या आतलं पिल्लू मात्र वरून तपकिरी आणि छातीवर उभे ठिपके-फराटे असलेलं दिसतं, आणि ‘हा काहीतरी वेगळाच आहे’ म्हणून सगळ्यात जास्त फोटो याच पिल्लाचे विचारायला येतात. हिवाळ्यात येणारा युरेशियन स्पॅरोहॉकही याच घरातला. त्याच्या डोळ्यावर फिकट भुवई असते आणि गळ्यावर मधली रेष नसते.

तरीही शिक्रा म्हणून दाखवलेला पक्षी पुष्कळदा पावशा, म्हणजे कोकिळेचा भाऊबंद, निघतो. रंग, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीसुद्धा त्याला घाबरतात, आणि सातभाईंच्या घरट्यात अंडं घालायला पावशाच्या मादीला त्याचा उपयोग होत असावा. फरक चोचीत आणि पायांत आहे. पावशाची चोच सरळसर आणि बारीक, आकडीसारखी वळलेली नसते. डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. पाय लहान, नख्या किरकोळ. बसण्यातही फरक आहे. शिक्रा ताठ, उभा बसतो. पावशा थोडा आडवा, पंख जरा सैल सोडून बसतो, आणि फांदीवर उतरल्यावर शेपटी वर करून डावी-उजवीकडे हलवतो. उन्हाळ्यात ‘पेर्ते व्हा’ सुरू झालं की या गोंधळाला ऊत येतो. फोटो काढता आला तर चोच आणि पायांचा काढा, पंखांच्या सौंदर्यात वेळ घालवू नका.

मोठ्या पक्ष्यांत कॅम्पसवर सर्वांत दुर्लक्षित राहतो तो मधुबाज. उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात, आणि त्यांतल्या अळ्या हेच याचं मुख्य खाणं. आकार घारीएवढा, पण डोकं लहान, कबुतरासारखं, आणि मान पुढे काढलेली. चेहऱ्यावर खवल्यांसारखी घट्ट बारीक पिसं असतात, ती मधमाश्यांच्या डंखापासून संरक्षण देतात. रंगावर अजिबात जाऊ नका. फिकट पांढुरक्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत काहीही असू शकतो, आणि काही पक्षी तर मोरघारीची नक्कल वाटावी इतके तिच्यासारखे असतात. घिरट्या घालताना पंख सपाट, शेपटी लांब आणि टोकाला गोलसर. डोक्याचा आकार पाहिला की शंका उरत नाही.

मोरघार घारीपेक्षा थोरली, अंगानं भारदस्त. आपल्याकडच्या पक्ष्यांच्या डोक्यावर लांब तुरा असतो, तो उभा राहिला की लांबूनही दिसतो. नडग्यांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात. तुरा मिटलेला असेल तेव्हा हे पाय कामाला येतात. ती आकाशात फार कमी दिसते. पानांच्या आडोशाला ताठ बसून राहते आणि खार, सरडा, पक्षी यांच्यावर खाली झेपावते. सर्पगरुडाचे पाय याउलट उघडे आणि पिवळे, चोचीपासून डोळ्यापर्यंतची कातडी पिवळीजर्द, आणि उडताना पंखांच्या मागच्या कडेलगत एक रुंद पांढरा पट्टा. तो आभाळात पंख किंचित वर उचलून तरंगतो आणि तरंगताना ओरडतो. आधी हाक ऐकायची आणि मग ठिपका शोधायचा, असं बहुतेक वेळा होतं.

कापशी, तीसा आणि केस्ट्रेल झाडीचे नाहीत, पण मैदान किंवा गवताळ पट्टा असेल तर तिथे बघा. एका जागी हवेत पंख फडफडवत थांबलेला पांढरा-राखाडी, खांद्यावर काळा डाग असलेला पक्षी कापशी. तसाच थांबणारा पण विटकरी पाठीचा तो केस्ट्रेल, आणि तो हिवाळ्यात. खांबावर किंवा बुटक्या झाडावर निवांत बसलेला, पांढऱ्या डोळ्यांचा तो तीसा. केस्ट्रेल आणि बाकीचे ससाणे दिसायला शिक्र्याच्या जवळचे वाटले तरी जनुकांच्या अभ्यासानं त्यांचं जवळचं नातं पोपटांशी आहे हे दाखवून दिलं. मला पक्षीशास्त्रातली ही फार सुंदर गोष्ट वाटते.

पक्षी न दिसताही त्याच्या खुणा सापडतात, आणि कॅम्पससारख्या रोजच्या जागी त्यांचा माग काढणं शक्य असतं. एखाद्या आडव्या फांदीखाली पिसांचा सडा दिसला तर बसून बघा. पिसाचा देठ टोकापर्यंत शाबूत असेल तर ते उपटलेलं आहे, म्हणजे पक्ष्याचं काम. देठ मध्येच कुरतडून तुटलेले आणि पिसांचे झुबके लाळेनं चिकटलेले असतील तर मांजर किंवा मुंगूस. शिक्रा शिकार घेऊन अशा ठरलेल्या फांद्यांवर येतो. एका पायाखाली ती दाबून धरतो, दोन-तीन पिसं उपटतो, मान वर करून चहूकडे पाहतो, पुन्हा दोन-तीन उपटतो. पिसं एकेक करून खाली तरंगत येतात. खाणं संपल्यावर चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासून पुसतो, अंग फुलवून झटकतो आणि मगच हलतो. हे सगळं पंधरा-वीस मिनिटं चालू शकतं, आणि अशी एक फांदी सापडली की शिक्रा पुढे तिथेच पुन्हा भेटायची शक्यता खूप वाढते. विष्ठेकडेही लक्ष द्या. शिक्रा ती जोरात मागे फेकतो, त्यामुळे जमिनीवर लांब पांढरे फराटे पडतात. घुबडाची सरळ खाली पडून बुंध्याशी पांढरे थर साचतात, आणि तिथेच राखाडी, बोटभर लांब गोळे सापडतात. घुबड भक्ष्य अख्खं गिळतं आणि न पचलेले केस व हाडं अशा गोळ्यांतून बाहेर टाकतं. गव्हाणी घुबडाचा गोळा पाण्यात भिजवून सोडवला तर आत उंदराची कवटी दातांसकट मिळते. गोळा हाताळताना हातमोजे घाला.

दुर्बिणीबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगतो. झाडीसाठी 8x42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर रुंद भिंगांची. 10x चं चित्र मोठं दिसतं, पण दिसणारा भाग लहान होतो आणि फांद्यांमधून वेगानं जाणारा पक्षी त्यात पकडता येत नाही. शिवाय पहाटेच्या अंधुक उजेडात 8x42 मधून चित्र जास्त उजळ मिळतं. कॅमेऱ्यानं आकाशातल्या पक्ष्याचा फोटो काढताना एक्सपोजर एखाद्या स्टॉपनं वाढवा, नाहीतर पंखाखालची नक्षी काळी पडते. फोटो वाईट आला तरी ठेवा. गळा, शेपटी आणि पंखाखालची बाजू या तिन्हींपैकी एक जरी त्यात असेल तरी ओळख पटते.

आता ज्यावर मला तडजोड मान्य नाही ते. शिक्र्याची वीण साधारण मार्च ते जून या काळात होते. कावळ्यासारखं काटक्यांचं घरटं, तीन-चार अंडी, 18 ते 21 दिवस उबवण. या काळात नर शिकार आणून थेट घरट्यावर सहसा जात नाही. शेजारच्या झाडावर बसून हाक देतो, मादी घरट्यावरून उठून तिथे येते, त्याच्या पायातून भक्ष्य घेते आणि परत फिरते. ती देवाणघेवाण पाहायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे, आणि ती घरट्याच्या जवळ न जाता लांबूनच पाहता येते. मादी तुमच्याकडे बघून सतत ओरडायला लागली, किंवा घरट्यावर परत यायचं टाळून बाजूच्या फांदीवर अस्वस्थ बसली, तर तुम्ही जास्त जवळ आहात. लगेच मागे फिरा. ती जितका वेळ उठलेली राहते तितका वेळ अंडी उन्हात तापतात आणि कावळे टपलेलेच असतात. मोबाईलवर हाक वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं, फांद्या छाटून फोटोसाठी वाट करणं, ड्रोन उडवणं, हे अजिबात करू नका. घरट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना कॅम्पसचं नाव पुरेसं आहे, झाड सांगायची गरज नाही. घरटी आणि अंडी यांना हात लावणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

आणि तुम्ही विद्यार्थी असाल तर तुमच्या हातात निरीक्षणापेक्षाही मोठं काम आहे. कॅम्पसचे निर्णय कॅम्पसवरच होतात. मेसच्या आणि वसतिगृहाच्या मागे उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनसारखं विष टाकलं जात असेल तर ते थांबवायचा आग्रह धरा. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस गुंगून उघड्यावर फिरतो, नेमका तोच घुबडाच्या हाती लागतो आणि विष त्याच्या शरीरात साठतं. सापळे आणि कचऱ्याचा बंदोबस्त यांनी तेच काम होतं. वाळलेलं जुनं झाड ‘धोकादायक’ म्हणून मुळासकट तोडण्याआधी ते खरंच रस्त्यावर पडणार आहे का ते पाहायला सांगा. रस्त्यापासून दूर असेल तर उभं राहू द्या, पिंगळ्याला ढोली लागते. नव्या इमारतींच्या झाडीकडे तोंड असलेल्या काचांवर बाहेरून ठिपक्यांच्या पट्ट्या लावून घ्या. लहान पक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या शिक्र्याला काचेतलं झाड खरं वाटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी एखादं पिल्लू घरट्याखाली फांदीवर किंवा जमिनीवर बसलेलं दिसेल. अंगावर पिसं असतील आणि जखम नसेल तर त्याला उचलून घरी नेऊ नका. उडायला येण्याआधी पिल्लं काही दिवस फांद्यांवर चढ-उतर करतात, पडतात, आणि आईबाप त्यांना तिथेच भरवतात. कुत्र्या-मांजरांचा धोका असेल तर टॉवेलनं अलगद धरून जवळच्या झाडाच्या उंच फांदीवर ठेवा आणि लांब जाऊन लक्ष ठेवा. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात, अंधारात, पाणी किंवा खाणं न देता ठेवून वनविभागाला किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राला कळवा.